बॅटरी नीट धर

घरात काहीतरी बिघडलं आणि मोठं माणूस ते उघडून बसलं, की लहान मुलाला एकच काम मिळतं. बॅटरी धरायचं. पाच मिनिटांत हात दुखतो, लक्ष पालीकडे जातं, उजेड सरकतो आणि ओरडा बसतो. आरोंद्याला मामांच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी अशा कितीतरी संध्याकाळी घालवल्या आहेत. "खंय बघतस? बॅटरी सारकी धर!" हे वाक्य मी 'आय लव्ह यू'च्या आधी शिकलो असेन.

यंदाच्या पावसाळ्यात त्याच शेडमध्ये मी वर्क फ्रॉम होमचे पाच आठवडे काढले. कारण मामांची गाडी. जुनी डिझेल व्हॅन, एके काळी एका दशावतारी कंपनीच्या पेटाऱ्यांची आणि माणसांची ने-आण करणारी. जत्रांच्या दिवसांत रोज रात्री नवं गाव, त्यामुळे दिवसाची झोप तिच्यातच. कंपनीने ती काढली तेव्हा मामांनी घेतली आणि आत प्लायवूडचे दोन पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, दिवे-पंख्यासाठी वेगळी बॅटरी असं एकेक बसवत गेले. हल्ली ज्याला मोटरहोम म्हणतात ते. मामा म्हणतात 'बिऱ्हाड'. आता त्यांचा हात थरथरतो, गाडी चालवणं थांबलंय, आणि बिऱ्हाड स्टार्ट होत नव्हतं. चतुर्थीनंतर भंगारवाला येणार होता. मी म्हटलं, आधी मी बघतो.

बरोबर मी एक पुस्तक नेलं होतं. रॉबर्ट पर्सिगचं 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स'. माझ्या क्षेत्रातल्या अर्ध्या लोकांनी हे वाचलेलं असतं आणि उरलेल्या अर्ध्यांनी वाचल्याचं सांगितलेलं असतं. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी मी ते पहिल्यांदा वाचलं, हायलाइट केलं, ऑफिसच्या प्रेझेंटेशनमध्ये वापरलं. यावेळी गाडीखाली झोपून वाचलं. तेच पुस्तक यावेळी मला वेगळं दिसलं, ते सांगण्यासाठी हा लेख.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 1968 साली पर्सिग आपल्या मुलाला, क्रिसला, मागे बसवून होंडा मोटरसायकलवरून मिनेसोटातून कॅलिफोर्नियाला गेला. त्या प्रवासावर रचलेलं हे पुस्तक 1974 साली आलं, त्याआधी 121 प्रकाशकांनी ते नाकारलं होतं. प्रवास, दुरुस्ती, तत्त्वज्ञान आणि निवेदकाचा मोडून पडलेला भूतकाळ, असे चार धागे त्यात आहेत. दुरुस्तीचा धागा आजही चोख आहे. 24व्या प्रकरणात एक स्क्रू अडकतो, त्याची खाच झिजते, आणि काही पैशांचा तो स्क्रू अख्ख्या मोटरसायकलच्या किमतीचा होतो, कारण तो निघेपर्यंत गाडीचा उपयोग शून्य. खारी हवा खाल्लेल्या कोकणातल्या कुठल्याही गाडीवर पाना लावलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

सर्वांत उपयोगी प्रकरण मात्र 26वं. दुरुस्ती करताना माणसाचा दम कशाने जातो, याची पर्सिग तिथे यादीच करतो. कधी येणारा, कधी न येणारा बिघाड. चुकीच्या क्रमाने केलेली जोडणी. अहंकार, धास्ती, कंटाळा. आणि या सगळ्यांत वाईट म्हणजे आधी ठरवलेलं मत न सोडणं. त्यासाठी तो दक्षिण भारतातल्या माकडाच्या सापळ्याचा दाखला देतो. नारळाला भोक पाडून आत तांदूळ ठेवतात. रिकामा हात आत जातो, मूठ बाहेर येत नाही. माकड तांदूळ सोडत नाही म्हणून पकडलं जातं.

हे वाचून मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी साडेसात हजारांची नवी बॅटरी घेऊन आलो.

लक्षणं साधी होती. चावी फिरवली की 'टक्' आवाज, डॅशबोर्डचे दिवे मंद, बस्स. कधी तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात गाडी लागायचीही. माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की बॅटरी गेलीय. नवी लावली, तरी 'टक्'. मग स्टार्टर मोटर खोलली आणि सावंतवाडीला दाखवली. ती ठणठणीत. मग मल्टिमीटर घेऊन एकेक वायरीचा रेझिस्टन्स मोजला. सगळ्या वायरी चांगल्या. मॅन्युअलमधला डायग्राम फोनवर झूम करून करून डोळे दुखले. मूठ नारळात आणि माकड फोनवर व्हिडिओ बघतंय, असं ते चित्र होतं.

शेवटी दुसऱ्या पद्धतीने मोजलं. बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यावर मीटरचे दोन प्रोब ठेवले आणि चावी फिरवायला लावली. इथे अर्धा व्होल्टसुद्धा जास्त म्हणायचा. मीटरने 3.1 दाखवले. म्हणजे बारातले तीन व्होल्ट परतीच्या वाटेवरच खर्च होत होते. अर्थिंग गेलं होतं. रेझिस्टन्स मोजताना हे दिसलं नाही, कारण मीटर फार किरकोळ करंट सोडतो, आणि त्याला वायरीच्या दोन तारा शाबूत असल्या तरी पुरतात. स्टार्टर मात्र शंभराहून जास्त अँपिअर मागतो. टेस्टिंगमध्ये पास होणारा आणि खरी गर्दी आली की झोपणारा सर्व्हर मी पाहिलेला आहे. तरी मला हे सुचायला तीन आठवडे लागले.

पण अर्थची वायर होती कुठे? डायग्राममध्ये दाखवलेल्या जागी नव्हतीच. मी पालथा पडून शोधत होतो आणि मामा बाजूला बसून बॅटरी धरत होते. उजेड थरथरत होता. ते शांतपणे म्हणाले, "ती वायर मियांच फाटी हलवलेली. टाकयेखाली बघ. माका इचारलंस खंय तू?"

टाकी बसवताना जागा पुरेना म्हणून त्यांनीच ती वायर मागे, टाकीखालच्या बोल्टवर घेतली होती. टाकी वर्षानुवर्षं त्यावर ठिबकत राहिली. बोल्टच्या जागी हिरव्या-पांढऱ्या गंजाचा गोळा होता. तो खरवडला, नवी जाड केबल टाकली, पेट्रोलियम जेली लावली. गाडी पहिल्या चावीत लागली. तीन आठवडे मी ज्या माहितीच्या मागे होतो, ती माझ्यापासून चार फुटांवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेली होती.

त्या रात्री पर्सिग पुन्हा उघडला आणि एक गोष्ट खटकली. या पुस्तकात बॅटरी धरणारं कुणी नाही. दुरुस्तीवर इतकं बारकाईने लिहिणारा हा माणूस ती जवळजवळ नेहमी एकटा करतो. मित्र जॉनच्या बीएमडब्ल्यूचं हँडल सैल होतं, तेव्हा निवेदक बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून घालायला सुचवतो. जॉन दुखावतो. महागड्या गाडीला डब्याचा पत्रा! निवेदकाला त्यात सुंदर ॲल्युमिनियम दिसतं, जॉनला कचरा. हा प्रसंग आपण सगळे 'जुगाड'चा विजय म्हणून वाचतो. पण पट्टी लागत नाही, हँडल सैलच राहतं, आणि दोन माणसांच्या दोन जगांवरचं चिंतन सुरू होतं. बरोबर कोण, हे ठरतं. दुरुस्ती होत नाही.

त्याहून बोलकं क्रिसचं आहे. अकरा वर्षांचा मुलगा, बापामागे बसून अर्धा देश ओलांडतो, आणि त्याला दिसते फक्त बापाची पाठ. बाप आपल्याला, वाचकांना, सगळं समजावून सांगतो. मुलाच्या हातात पाना देत नाही. अगदी शेवटी, हेल्मेट काढून ठेवल्यावर, क्रिस फुटरेस्टवर उभा राहतो आणि पहिल्यांदा बापाच्या खांद्यावरून रस्ता बघतो. त्याच शेवटच्या पानांत तो विचारतो, मोठा झाल्यावर मला मोटरसायकल मिळेल का, ती कशी सांभाळायची ते दाखवाल का. बाप हो म्हणतो. पुस्तक संपतं. नंतरच्या आवृत्त्यांना जोडलेल्या टिपणात पर्सिग सांगतो की 1979 साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये क्रिसचा खून झाला. ते वाचल्यावर आधीची शेकडो पानं वेगळी दिसू लागतात. विसाव्या वर्षी मला हे पुस्तक 'मन शांत ठेवून काम कसं करावं' याचं गाइड वाटलं होतं. आता वाटतं, ज्याला सगळं समजावता येत होतं त्याला शेजारच्याला सोबत घेता आलं नाही, त्याची ही गोष्ट आहे. आणि पुस्तकाला ते ठाऊक आहे. आम्ही इंजिनिअर लोक फक्त हायलाइट केलेला भाग वाचतो.

तुलनेसाठी जॉन स्टाइनबेकची 1939ची 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' घ्या. जोड कुटुंब जमीन गमावून ओक्लाहोमाहून कॅलिफोर्नियाला निघतं, ते एक जुनी हडसन मोटर मागून कापून केलेल्या ट्रकमध्ये. हेही बिऱ्हाडच, फक्त हौसेचं नाही. 16व्या प्रकरणात सोबतच्या गाडीचं कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग जातं. टॉम आणि धाकटा अल, दोघे भाऊ, भंगारातून जुना रॉड शोधून आणतात आणि रस्त्याकडेला बसवतात. पिस्टनच्या रिंगा दाबून धरायला पितळेची बारीक तार गुंडाळतात. अलला सारखी भीती, की दोष आपल्यावर येईल. टॉम त्याला सांगतो, तुला कुणी दोष देत नाहीये. ऑफिसमध्ये आम्ही याला ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम म्हणतो आणि त्यासाठी टेम्पलेट भरतो. याच प्रकरणात बाकीच्यांनी पुढे निघावं असं ठरत असताना आई जॅकचा दांडा उगारून उभी राहते, कुणीही कुणाला सोडून जायचं नाही म्हणून. पर्सिगकडे अवजारांवर पानंच्या पानं आहेत, पण असा दांडा नाही.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' पाहा. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा हा 2016 सालचा माहितीपट महाराष्ट्रात जत्रांमागून फिरणाऱ्या तंबू-टॉकीजवर आहे. गंजके ट्रक, त्यांत प्रोजेक्टर, आणि त्यांच्याच आसऱ्याने राहणारी माणसं. त्यातला प्रकाश हा प्रोजेक्टरचा मेकॅनिक. त्याने स्वतः ऑइल बाथ प्रोजेक्टर तयार केलाय, आणि तो दाखवताना त्याचा चेहरा बघावा. त्याच्याकडे शिकवण्यासारखं भरपूर आहे. पण रीळच बंद होतंय, डिजिटल येतंय. माझी एकच तक्रार आहे. माहितीपट त्या जाणाऱ्या काळाच्या सौंदर्यात इतका रमतो, की प्रकाशच्या हातांना नेमकं काय कळतं हे समजून घ्यायला तो पुरेसा थांबत नाही. यंत्रं सुंदर दिसतात, ती चालतात कशी हे थोडं मागे राहतं.

दुरुस्तीवरचं लेखन वाचताना आता मी एवढंच बघतो, की शेजारी कुणी आहे का, आणि त्याला काही विचारलं जातंय का. पर्सिगचं 26वं प्रकरण वाचाच. पण त्याला लागून स्टाइनबेकचं 16वं वाचा.

बिऱ्हाडाचं पुढे काय ते ठरलेलं नाही. भंगारवाल्याला मामांनी दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलंय. त्यांनी या गाडीत जे जे हलवलं, जोडलं, फिरवलं, त्याची मी वही करतोय. ते सांगतात, मी लिहितो. 14 पानं झालीत, अजून आम्ही मागच्या दारापर्यंतही पोचलेलो नाही.