अख्खं तेवढंच सुंदर?

आमच्या बेळगावात थंडी कितीही पडली तरी खिडकीच्या काचेवर नुसता ओलावा धरतो. पोरं त्यावर बोटानं नावं लिहितात, झालं. अमेरिकेत व्हरमाँटमधल्या जेरिको गावी मात्र त्या ओलाव्याची नेच्याची पानं व्हायची आणि विल्सन बेंटली नावाचा शेतकरी ती बघत बसायचा. शिक्षिका असलेल्या आईनं त्याला घरीच शिकवलं, आपलं जुनं सूक्ष्मदर्शकही दिलं. १५ जानेवारी १८८५ ला, एकोणिसाव्या वर्षी, त्यानं हिमकणाचा पहिला फोटो काढला. पुढं पाच हजारांवर काढले. त्यांतले दोन हजारांहून जास्त ‘स्नो क्रिस्टल्स’ या पुस्तकात १९३१ च्या नोव्हेंबरात आले. डिसेंबरात तो गेला.

पुस्तक देखणं आहे, यात वादच नाही. पण पन्नासेक पानं उलटल्यावर मला कोंडल्यासारखं झालं. जिकडं बघावं तिकडं रेखीव, अख्खे कण. कुठं टवका उडालेला नाही. खऱ्या बर्फात मोडके, वाकडे, एकमेकांना चिकटलेले कणच जास्त. जर्मन हवामानशास्त्रज्ञ हेलमान यांनी बेंटलीला यावरूनच टोकलं होतं. शिवाय तो निगेटिव्हवरचा कणाभोवतीचा थर चाकूनं खरवडून काढी. त्यामुळं मागची बाजू काळीभोर छापली जाई. बघा, स्थळाला पाठवायचा मुलीचा फोटो आपण असाच निवडतो की नाही? खोटा नसतो तो. पण सगळी मुलगी त्यात कुठं असते?

म्हणून मला शेवटची थोडी पानं जास्त आवडली. तिथं दंव आहे, कोळ्याच्या जाळ्यावरचे थेंब आहेत, आणि खिडकीवरचं हिम आहे. घरातली दमट हवा गार काचेला लागली की वाफेचा थेट बर्फ होतो. तो सुरू होतो काचेवरच्या ओरखड्यापासून, धुळीच्या कणापासून, पुसताना राहिलेल्या फराट्यापासून. म्हणजे बघा, हिमकण आभाळात घडतो, पण खिडकीवरची नक्षी घरात घडते. चुलीवरच्या आधणाची वाफ, काच पुसणारीचा हात, दोन्ही तिच्यात उतरतात. दोष नसता तर ती उमटलीच नसती. एवढी मोठी गोष्ट या पुस्तकात मागच्या दाराशी उभी आहे, ही माझी तक्रार.

आपल्याकडं दंव, हिम, धुकं सगळं अप्कायात धरतात. त्या जीवांत देखणा आणि मोडका असा पंक्तिभेद नाही.

तरी बेंटलीवर राग धरवत नाही. गावानं हसावं आणि यानं गारठ्यात श्वास रोखून उभं राहावं, का, तर आपल्या वाफेनं कण विरघळू नये म्हणून. एवढं जपणं मला माणसांच्या बाबतीतही फारसं दिसलेलं नाही. पुस्तक जरूर बघा. फक्त मागून उघडा.