क्रमांकाबाहेरची माणसे

‘जागतिक आरोग्य सुरक्षा निर्देशांक’ नावाचा जाडजूड अहवाल ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झाला. साथ आली तर कोणता देश किती तयार आहे, याचे गुण त्यात १९५ देशांना दिलेले आहेत. शंभरपैकी ८३.५ गुण मिळवून अमेरिका पहिली, ब्रिटन दुसरे, भारत ५७ वा. काही महिन्यांतच कोरोना आला आणि मे २०२२ पर्यंत या पहिल्या क्रमांकाच्या देशात दहा लाखांहून अधिक माणसे मेली. अनेकांनी अहवालाची टिंगल केली. मला टिंगलीत रस नाही. कोणताही देश पुरता तयार नाही, हे अहवालकर्त्यांनीच लिहून ठेवले आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. हे माप घेणारा माणूस कोणाच्या ओट्यावर उभा होता?

प्रयोगशाळा, कायदे, तज्ज्ञ, आपत्कालीन यंत्रणा हे सगळे राज्यकर्त्यांच्या हातातले सामान. ते मोजणे गैर नाही. पण ते कोणाच्या दारापर्यंत पोहोचते? त्याच अहवालात, आरोग्यसेवा लोकांच्या आवाक्यात आहे काय, या रकान्यात अमेरिका १७५ वी आहे! बाकीच्या रकान्यांच्या बेरजेत हा रकाना बुडाला. सरासरी ही मोठी सभ्य गोष्ट असते. गावकुसाबाहेरचा माणूस तिच्यात कोणताही आरडाओरडा न होता नाहीसा होतो.

अमेरिकेतल्या नवाहो आदिवासींचेच पाहा. ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या राज्यांत त्यांचा राखीव मुलूख पसरला आहे. साथीच्या वेळी तिथल्या सुमारे तीस टक्के घरांत नळ नव्हता. पिंपे भरून दुरून पाणी आणायचे. आणि सरकार सांगत होते, हात वारंवार धुवा. मे २०२० मध्ये लोकसंख्येच्या प्रमाणात इथली लागण न्यूयॉर्क राज्यापेक्षाही वर गेली. हा काय विषाणूचा स्वभाव? १८६८ च्या तहाने या लोकांना त्या मुलखात बसवले. पाण्यावर त्यांचा हक्क आहे, पण ते मिळवून देण्यासाठी पावले उचलण्याचे बंधन सरकारवर नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिला. म्हणजे साथीत एवढी माणसे गेल्यावर.

आपल्याला हे परके वाटू नये. महाडचे चवदार तळे खुले करण्याचा नगरपालिकेचा ठराव आधीच झालेला होता. तरी त्या पाण्याची ओंजळ भरायला १९२७ साली बाबासाहेबांना हजारोंसह तळ्यावर जावे लागले, आणि कोर्टकज्जा १९३७ पर्यंत चालला. कागदावरचा हक्क आणि घागरीतले पाणी यांतले हे अंतर निर्देशांक कोणत्या रकान्यात मांडणार?

भारताच्या ५७ व्या क्रमांकाबद्दल थोडेच सांगतो. २४ मार्च २०२० च्या रात्री चार तासांच्या मुदतीने देश बंद झाला. मजूर पायी निघाले. ८ मे रोजी औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा जण मालगाडीखाली गेले. टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर मेले, या प्रश्नावर सप्टेंबरात केंद्र सरकारने लोकसभेत सांगितले, अशी आकडेवारी नाही. जे मोजलेच नाही ते सरासरीत तरी कुठून येणार!

डिसेंबर २०२१ मध्ये निर्देशांकाची पुढची आवृत्ती निघाली. अमेरिका पुन्हा पहिली, गुण ७५.९. आपल्या विद्यार्थ्यांनी दोन्ही अहवाल शेजारी ठेवून जरूर वाचावेत. क्रमांकांची यादी मात्र शेवटी उघडावी.