हौद्याखालचा चंद्र

नगरहून मनमाडकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, भंगाराच्या एका आवारात, बाभळीच्या जाळीदार सावलीखाली एक शक्तिमान ट्रक उभा आहे, आणि तो विकत घ्यावा की घेऊ नये या विचाराने गेले तीन रविवार मी त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालतो आहे. शेठने किंमत सांगितली ती वजनावर : पत्रा, पोलाद, बिडाचे भाग, सगळे एकाच भावाने, काट्यावर जेवढे भरेल तेवढे. जुन्या पोथीचे मोल रद्दीच्या तागडीत ठरावे, तसा हा प्रकार. पण रद्दीवाल्याच्या दारात आपण पोथी हातात घेतो, एक पान उलटतो, मग दुसरे, आणि घ्यायची की नाही हे ठरण्याआधीच वाचन सुरू झालेले असते. तेव्हा किमतीचे राहू द्या. आधी आपण याला वाचू.

सुरुवात अर्थात नावापासून. बुद्धिमान, कीर्तिमान, हनुमान यांच्या पंगतीत बसणारा हा शब्द. शक्तीला संस्कृतातला 'मतुप्' प्रत्यय लागला की 'शक्तिमान' सिद्ध होतो, आणि व्याकरणाच्या दृष्टीने तेथेच विषय संपतो. पण हा ट्रक ज्या जर्मन कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला तयार झाला, तिचे नाव एम.ए.एन., म्हणजे अक्षरे सलग वाचली तर चक्क 'मान'! ऑग्सबर्ग आणि न्यूर्नबर्ग या दोन शहरांतल्या कारखान्यांच्या संगमातून झालेली ही कंपनी. आणि ऑग्सबर्ग म्हणजे तेच गाव, जिथे रुडॉल्फ डिझेलचे इंजिन १८९७ साली पहिल्यांदा समाधानकारक चालले. पाणिनीचा प्रत्यय आणि बव्हेरियातली पाटी एकाच अक्षरद्वयात अशी मांडीला मांडी लावून बसली आहेत. हा निव्वळ योगायोग की दिल्लीतल्या कुणा रसिक अधिकाऱ्याचा मिस्कीलपणा, याचा निकाल लावण्याची घाई मला नाही. उघड न केलेला श्लेष जास्त वेळ जिभेवर राहतो.

१९५९ साली, कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना, जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीतून पहिले शक्तिमान बाहेर पडले. १९०४ पासून तोफांचे गाडे करणाऱ्या कारखान्याने आता सैन्याचे गाडे करायला घेतले होते. पुढे १९६९ साली त्याच गावात खास वाहनांचा कारखाना उभा राहिला, आणि १९९६ पर्यंत हा ट्रक तयार होत राहिला. त्याच्या पुढच्याच वर्षी दूरदर्शनवर त्याच नावाचा, गिरक्या घेत उडणारा नायक अवतरला. त्यामुळे माझ्या भाच्याला 'मी शक्तिमान घेतोय' असे फोनवर सांगितले, तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती.

आता समोर उभे राहू. हल्लीच्या ट्रकांना चेहरा असतो, नाक नसते. चालक इंजिनाच्या डोक्यावर बसतो आणि समोर सरळ भिंत. शक्तिमान मात्र नाकाचा माणूस आहे. केबिनच्या पुढे लांब बॉनेट, बाजूंना बूट घालून उभे राहता येईल असे रुंद मडगार्ड, त्यांच्यामध्ये लोखंडी गजांमागे दडलेले दिवे. या मडगार्डवर मधोमध एक पसरट खळगा आहे. अपघाताचा नव्हे, कुणीतरी, बहुधा कित्येकांनी, वर्षानुवर्षे एकाच जागी टाच टेकवून बॉनेटखाली डोके घातले असणार. देवळाच्या पायरीला भाविकांच्या पावलांनी येतो तसा हा खळगा. मी पहिल्या रविवारी त्यात पाय ठेवून पाहिला. बरोबर बसला. घासाघीस करायला गेलेल्या माणसाने एवढे सुद्धा करू नये, कारण शेठ चहा पीत असला तरी बघत असतो.

खळग्याच्या कडेला रंगाचे पापुद्रे निघाले आहेत, आणि तिथे नाण्याच्या कडेने हलकेच खरवडले, की या ट्रकचे सगळे आयुष्य नखाएवढ्या जागेत उलगडते. सर्वांत वर गडद निळा. हा नागरी जन्मातला, मोठ्या ब्रशने, घाईत, धुळीसकट ओढलेला. त्याखाली हिरवा. त्याखाली पुन्हा हिरवा, पण पिवळसर. त्याखाली तिसरा, जुन्या शेवाळासारखा काळपट. मग गेरूच्या रंगाचे अस्तर आणि शेवटी थंड, निळसर चमकणारा पत्रा. एकाच 'ऑलिव्ह ग्रीन' नावाच्या रंगाची ही तीन रूपे पाहताना सारवणाची आठवण येते : दर सणाला नवा हात, आणि दर हाताची छटा शेण-मातीप्रमाणे थोडी वेगळी. कुठल्या डब्यात पिवळे जास्त पडले, कुठल्या उन्हाने कोणता थर विटवला, हे आता कोण सांगणार? पण प्रत्येक थरामागे एक तपासणी असणार, तिच्या आदल्या दिवशीची धावपळ असणार, आणि ओल्या रंगाला चिकटलेला एखादा किडाही असणार. दुसऱ्या हिरव्यात तो मला खरोखरच सापडला, पंखांसकट.

आणि इथेच, सगळ्यात गोड घासात, खडा लागतो. समजा, ट्रक घेतला, वर्ष-दोन वर्षे खपून निळा थर उतरवला, खालच्या हिरव्याशी हुबेहूब जुळणारी छटा तयार करून घेतली. ती लावायची कुठे? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, यांतला १२१ वा नियम सांगतो की संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज इतर कुठल्याही मोटारवाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येणार नाही. म्हणजे ज्याला मूळ रूप देण्यासाठी एवढा खटाटोप, त्याचे ते रूप रस्त्यावर आणणेच वर्ज्य! नियमात खोट नाही, उद्या कुणीही हिरवा ट्रक घेऊन छावणीच्या फाटकाशी उभा राहील. तरीही गंमत पाहा : अंगावरचे सगळे परत मिळवता येते, वर्दी तेवढी मिळत नाही. माझ्यासोबत येणारे हवालदारकाका, सैन्याच्या ईएमई विभागात गाड्यांचीच सेवा करून निवृत्त झालेले, यावर एवढेच म्हणाले, "मग पांढरा द्या साहेब, युनोचा. शांतिसेनेत गेलाय म्हणायचं."

दुसऱ्या रविवारी आम्ही मुद्दाम उन्हे कलल्यावर गेलो. शिलालेख वाचणाऱ्यांना ठाऊक असलेली युक्ती ही : समोरून उजेड पडला तर अक्षर बुजते, बाजूने पडला तर उठते. पुढच्या बंपरवर तिरपे ऊन पडताच निळ्या रंगाखालून जुन्या अक्षरांच्या कडा फुगून वर आल्या. सर्वांत आधी वर टोक केलेला रुंद बाण. ब्रिटिश काळापासून चालत आलेली ही सरकारी मालकीची खूण सैन्याच्या वाहन क्रमांकात आजही आहे. बाणाच्या पुढचे दोन आकडे म्हणजे गाडी सैन्यात दाखल झाल्याचे साल. ७ स्पष्ट होता. दुसरा ४ की १, यावर आमचे एकमत होईना. १ असला तर ७१ च्या युद्धाच्या त्या डिसेंबरात हा ट्रक कुठे होता, हा प्रश्न लगेच उभा राहतो आणि भावही वाढतो. निदान मनातला. हवालदारकाका बोट फिरवून ४ म्हणतात. मी त्याच बोटामागून बोट फिरवून १ म्हणतो. आपण घेऊ इच्छितो त्या वस्तूचे वाचन नि:पक्षपाती होत नसते, हे मला कळते, पण म्हणून १ काही पुसला जात नाही.

बंपरच्या वर, डाव्या अंगाला, एक गोल तबकडी आहे. तिचा पिवळा रंग निळ्यातूनही डोकावतो. तिच्यावरचा काळा आकडा पुलांसाठी असतो : पुलावर लिहिलेल्या आकड्याशी तो ताडून पाहायचा आणि मगच चाक पुढे घालायचे. चाकांच्या वर मडगार्डवर 'टी.पी.' ही दोन अक्षरे, त्यांच्यापुढे टायरमधल्या हवेचा दाब. विचार करा, चाकाजवळ वाकलेल्या माणसाला जे हवे ते चाकाजवळच लिहून ठेवलेले! अंधारात, पावसात, झोपमोड झालेल्या कुणा विशीतल्या पोराला वही शोधावी लागू नये म्हणून केलेली ही सोय. आपल्या स्वयंपाकघरात डब्यांवर 'तूरडाळ', 'पोहे' अशा चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या आजीच्या आणि या स्टेन्सिल धरणाऱ्या रंगाऱ्याच्या मनात मला काही फरक दिसत नाही.

हौद्याबद्दल मात्र बोलायला जड जाते, कारण हौदा नाहीच. सैन्यात गाडी दुरुस्तीच्या खर्चाला महाग झाली, की तिच्यावर 'बीईआर' असा शेरा पडतो, बियाँड इकॉनॉमिक रिपेअर, मग लिलाव. या शक्तिमानला लिलावातून उचलणाऱ्या गॅरेजवाल्याने गॅस कटरने हौदा कापला, त्याच्या फाळक्यांचे बहुधा कुठेतरी फाटक झाले असेल, आणि चासीवर मजबूत घोडी उभारून क्रेन केली. त्यानंतर वीसेक वर्षे हा ट्रक घाटात उलटलेले टेम्पो, खड्ड्यात गेलेल्या उसाच्या ट्रॉल्या, वरातीच्या जीपा ओढून काढत होता. आता पुनरुद्धार करायचा तर कोणत्या जन्माचा? घोडी कापून, कमानींवर ताडपत्री ताणलेला हौदा नव्याने बसवावा, तर वीस वर्षांची प्रामाणिक कमाई आपण भंगारात टाकणार. ठेवावी, तर सैन्यातली तेवढीच वर्षे निळ्याखाली बुजलेली राहणार. कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग दोन्ही एकाच बुवांनी रंगवावेत, तसा हा ट्रक. आपल्याला मात्र यातला एकच ठेवायचा आहे.

व्यवहाराचे चार शब्दही सांगून टाकतो. चासीला केबिनमागे, घोडीच्या पायाशी, एक चीर आहे. वेल्डिंगने भागेल असे शेठ म्हणतो, भागणार नाही असे काका म्हणतात. पुढच्या आसाच्या सांध्यातून तेल झिरपते. सुटे भाग दिल्लीच्या मायापुरीपर्यंत शोधत हिंडावे लागतील. पन्नास वर्षांवरच्या दुचाकी-चारचाकींसाठी २०२१ साली 'व्हीए' मालिकेची वेगळी नोंदणी आली खरी, पण क्रेन झालेला ट्रक तिच्या चौकटीत कसा बसवायचा, हे विचारायला आरटीओत जाण्याचे धैर्य अजून गोळा झालेले नाही. शिवाय आमच्या बंगल्याचे फाटक. "वहिनींना आधी सांगा," काका म्हणाले, "गाडी आत अन् तुम्ही भाईर, असं होईल."

तरीही तिसऱ्या रविवारी गेलो. त्या दिवशी काका ट्रकच्या मागे गेले, जमिनीवर पोते अंथरले आणि मलाही खाली यायला सांगितले. मागच्या दोन चाकांच्या मधोमध डिफरन्शियलचा घुमट लोंबतो, कलिंगडाएवढा, तेला-मातीने माखलेला. काकांनी रॉकेलचा बोळा त्यावर फिरवला, आणि चिखलातून हळूहळू एक पांढरे वर्तुळ उगवले. त्याच्या वर, सांगाड्याला आतून बसवलेला, खाली मान घातलेला एक इवलासा दिवा.

आपण हा तपशील जरा जपून हातात घेऊ, कारण सबंध ट्रकमध्ये याच्याइतके हळुवार दुसरे काही नाही. युद्धकाळात रात्री ताफा निघतो, तेव्हा पुढचे दिवे बंद, मागचे लाल दिवेही बंद. वर विमान असेल तर त्याला ठिणगीसुद्धा दिसता कामा नये. पण मागून येणाऱ्या चालकाला पुढच्या गाडीचा मागमूस तर हवा. म्हणून ट्रकच्या पोटाखाली हा दिवा लावायचा. तो रस्त्यावर नाही, क्षितिजावर नाही, फक्त या पांढऱ्या वर्तुळावर पडतो, आणि वरच्या हौद्याच्या सावलीमुळे आकाशातून काहीच दिसत नाही. मागच्या चालकाने तेवढ्या एका फिकट चंद्राकडे नजर लावून चालत राहायचे. वर्तुळ मोठे होऊ लागले तर पाय ब्रेककडे, लहान होऊ लागले तर पाय खाली. त्याच्याही मागच्याची नजर त्याच्या चंद्रावर. डोंगरकपारीच्या अरुंद रस्त्यावर एकामागे एक शंभर ट्रक, आणि प्रत्येकाचे जग केवळ एका वर्तुळाएवढे! "मान दुखायची," काका म्हणाले. "अन् झोप आली, की दोन दोन दिसायचे."

त्यांनी आपल्या मोटरसायकलच्या इंडिकेटरचा बल्ब काढला, खिशातल्या वायरी जोडल्या, शेठकडून बॅटरी मागितली. तोवर दिवेलागण झाली होती. दोनदा ठिणगी उडाली, तिसऱ्यांदा दिवा लागला, आणि हौदा नसलेल्या त्या ट्रकखाली, तुटक्या घोडीच्या आणि गळक्या तेलाच्या राज्यात, एक दुधी गोळा शांतपणे तरंगू लागला.

मी उठलो आणि त्याच्याकडे तोंड ठेवूनच मागे मागे चालू लागलो. वीस पावले, स्वच्छ दिसत होता. चाळीस, ट्रकचा आकार बाभळीत मिसळून गेला, गोळा राहिला. आवाराच्या फाटकाशी पोचलो तेव्हा तो हरभऱ्याएवढा झाला होता.

"मग काय ठरलं साहेब?" अंधारातून शेठचा आवाज आला. "उद्या काट्यावर घालू का?"

"थांबा," मी म्हणालो, "अजून दहा पावलं मागं जाऊन बघतो."