गाऊनवरची ओढणी

सध्या तयार कपड्यांच्या कुठल्याही दुकानात शिरा, कफ्तान टांगलेला दिसतोच. सुती, इकतचा, बांधणीचा, नाहीतर कुणाच्या तरी आजीच्या इरकलीचे काठपदर कापून शिवलेला. काऊंटरवरची मुलगी सांगते, ‘व्हिंटेज स्टाइल आहे, आंटी.’ व्हिंटेज म्हणजे नेमकं कधीचं, असं विचारलं की ती गोड हसते आणि पुढचा हँगर काढते. तिचं चुकत नाही. पण हा कपडा कुठून कुठे आला ते कळल्याशिवाय त्याचं कौतुक करू नये, नावंही ठेवू नयेत, असं मला वाटतं.

कफ्तान मुळात बायकांपुरता नव्हताच. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात ऑटोमन सुलतानांचे कफ्तान अजून जपून ठेवलेले आहेत. समोरून उघडे, जड रेशमाचे, पायघोळ. मर्जीतल्या सरदाराला किंवा परदेशी वकिलाला सुलतान मानाचा कफ्तान देत असे. त्या मानवस्त्राला म्हणत ‘हिलत’. पेशवाईच्या कागदांत आपण ‘खिलत’ वाचतो ना, ती हीच. मूळ अरबी शब्द एकच. म्हणजे अंगाला न चिकटणारा, ऐसपैस कपडा ही एकेकाळी दरबारी इभ्रत होती. मोरोक्कोत तो बायकांचा झाला. समोर गोफाची पट्टी आणि हाताने विणलेली गाठींची बटणं हे तिथलं वैशिष्ट्य, आणि लग्नकार्याला तिथे तो आजही नेसतात, म्हणजे घालतात. (शालू-पैठणीची सवय, दुसरं काय!)

युरोप-अमेरिकेतल्या बायकांच्या अंगावर तो चढला १९६० नंतर. इव्ह सेंट लॉरेंट १९६६ साली प्रथम माराकेशला गेला आणि त्या शहराच्या प्रेमातच पडला. त्याच साली लंडनच्या सोहो भागात ग्रीक स्ट्रीटवर थिआ पोर्टर या बाईंनी दुकान उघडलं. जन्म जेरुसलेमचा, बालपण दमास्कसमधलं. दुकान खरं तर घर सजवण्याच्या सामानाचं, उश्या, गालिचे, पूर्वेकडची जुनी वस्त्रं. पण गिऱ्हाइकांची नजर गेली ती तिथल्या कफ्तानांवर. मग बाई स्वतःच शिवून घेऊ लागल्या. जुन्या भरतकामाचे तुकडे, जरीचे पट्टे, खाली झिरझिरीत कापड. आज व्हिंटेज कफ्तान म्हणून जे मोठ्या किमतीला जातात त्यांत या बाईंचे आहेत. एलिझाबेथ टेलरला कफ्तानांचा भारी सोस होता. तिच्या मागे २०११ साली न्यूयॉर्कला क्रिस्टीजने तिच्या वस्तूंचा लिलाव केला, त्यात दागिन्यांच्या जोडीला कफ्तानही होते.

हे कपडे सुंदर आहेत यात वाद नाही. डिओरने १९४७ साली कंबर आवळायला लावली होती, तिला या कपड्याने सुटका दिली हेही खरं. पोटभर जेवून निवांत बसता येतं, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे! पण त्या फोटोंतल्या बायका बघा. कुणी पलंगावर रेललेली, कुणी गच्चीवर उभी. एकीच्याही हातात काही काम नाही. या रुंद बाह्या घालून गॅससमोर उभं राहून दाखवा. फोडणीच्या कढईत बाही, नळाखाली बाही, आणि पायघोळ घेर जिन्यात पायात. खिसा तर नाहीच. किल्ल्या, मोबाईल, दूधवाल्याचे सुटे पैसे ठेवायचे कुठे?

म्हणून मला क्लेअर मॅककार्डेल ही अमेरिकन बाई जास्त हुशार वाटते. दुसऱ्या महायुद्धात घरकामाला बायका मिळेनात, त्या कारखान्यांत गेल्या होत्या. १९४२ साली ‘हार्पर्स बझार’ने तिला विचारलं, घरकामही करता येईल आणि चारचौघांत बरंही दिसेल असं काही काढता का? तिने ‘पॉपओव्हर’ काढला. अंगाभोवती गुंडाळून बांधायचा साधा सुती झगा, भला मोठा खिसा, आणि गरम भांडं धरायला त्याच कापडाचा हातमोजा. किंमत ६.९५ डॉलर. काम करणाऱ्या बाईचं शरीर डोळ्यांसमोर ठेवून शिवलेला कपडा. तो घालून बाई स्वयंपाकही करू शकत होती आणि आलेल्या पाहुण्यासमोर तशीच बसूही शकत होती.

नेमकं इथेच आपलं घोडं अडतं. आपल्याकडे कफ्तानाची गरीब बहीण कधीची घरात आहे: गाऊन. कुणी मॅक्सी म्हणतं, कुणी नाईटी. नाव रात्रीचं आणि राबणूक दिवसभराची. पहाटेचं पाणी भरण्यापासून पापड वाळत घालण्यापर्यंत बाई त्यातच. पाच वार कापड सावरायला नको, परकराची नाडी कमरेला रुतायला नको, वाळतो तासाभरात. इतका उपयोगी कपडा, पण त्याची चेष्टा किती! दाराची बेल वाजली की आधी खुंटीवरची ओढणी गाऊनवर घ्यायची आणि मगच कडी काढायची. कोपऱ्यावरच्या दुकानात जाताना तसंच. अमेरिकेतही कफ्तानाची अशीच गत झाली होती म्हणा. ‘थ्रीज् कंपनी’ या १९७७ पासूनच्या मालिकेत घरमालकीण मिसेस रोपर सदा कफ्तानात, आणि तो हशाचा विषय. कपडा घरात बसणाऱ्या मध्यमवयीन बाईच्या अंगावर आला की त्याचा विनोद व्हायला वेळ लागत नाही.

आपल्याकडे तर विनोदावर भागलं नाही. २०१४ साली नवी मुंबईतल्या गोठीवलीत दिवसा गाऊन घालून फिरणाऱ्या बाईला ५०० रुपये दंड असं फर्मान निघालं, आणि काढलं कुणी, तर महिला मंडळाने! २०१८ साली आंध्रातल्या तोकलापल्ली गावात सकाळी सात ते संध्याकाळी सात नाईटीबंदी, दंड २००० रुपये, चुगली करणाऱ्याला १००० बक्षीस. गावात लुंगीवर, बनियनवर फिरणाऱ्यांना दंड झाल्याचं मात्र कुठे वाचनात आलं नाही.

आणि आता तोच कट, तीच लांबी, फक्त कमरेला एक नाडी आणि गळ्याला चार आरसे. नाव कफ्तान, किंमत चौपट. हॉटेलात चालतो, विमानतळावर चालतो, भिशीलाही चालतो. सुनेने घातला की स्मार्ट, सासूने गाऊन घातला की गबाळी. हा फरक कापडातला नाही, हे आपल्याला कळतं, तरी आपणच ओढणी शोधतो.

व्हिंटेजच्या नावाखाली रेशमी कफ्तानांचंही कौतुक चाललं आहे. आमच्यासारख्या घरांत कोशातल्या किड्यांचा जीव आठवून रेशीम टाळणाऱ्या कितीतरी बायका आहेत. त्यांनी नाराज व्हायचं कारण नाही. आपल्या उन्हाळ्यात अंगाला रेशमापेक्षा धुऊन मऊ झालेलं सुती कापडच मानवतं. शहापूर-वडगावच्या मागावरची जुनी सुती साडी कपाटात असेल तर तिच्याइतकं कापड दुकानात मिळणार नाही. काठ फुकट घालवू नका, ते खाली घेराला लावा.

शिवायला टाकताना टेलरला एवढंच बजावा: बाही कोपरापर्यंत, तीही अरुंद. लांबी घोट्याच्या चार बोटं वर. गळा वाकल्यावर उघडा पडणार नाही असा. आणि दोन्ही बाजूंना खिसे, हात मनगटापर्यंत आत जाईल इतके खोल. तो म्हणेल, लेडीजला खिसा बरा दिसत नाही. म्हणू दे. खिसे बघितल्याशिवाय शिलाईचे पैसे देऊ नका.