वीस प्रश्न आणि मोहाचा हंगाम

मोजपट्टी हातात घेण्याआधी ती कशासाठी बनवली आहे ते पाहावे, असे आपण वर्गात सांगतो. मीटरपट्टीने दूध मोजता येत नाही. मनाच्या मोजपट्ट्यांना मात्र हा नियम आपण क्वचितच लावतो. म्हणून या वेळी परीक्षणासाठी आम्ही पुस्तक न घेता एक प्रश्नावली घेतली आहे.

तिचे नाव पीसीएल-५. माजी सैनिकांसाठीच्या अमेरिकी सरकारी खात्यातल्या एका केंद्राने ती २०१३ मध्ये तयार केली. जिवावरचा प्रसंग होऊन महिना उलटला तरी तो पुन्हापुन्हा डोळ्यांपुढे येणे, झोप उडणे, सतत सावध राहणे, त्याची आठवण देणारे सारे टाळणे, याला आघातोत्तर तणाव विकार म्हणतात. प्रश्नावलीत २० प्रश्न आहेत. प्रत्येकाला ० ते ४ गुण, म्हणजे एकूण ८०. गुण साधारण ३१ ते ३३ च्या पुढे गेले, तर विकाराची शक्यता धरून सविस्तर तपासणी करायची.

आता ही पट्टी चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत नेऊन पाहू. येथे मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला माणसे जंगलात जातात. त्यांत म्हाताऱ्या बायका पुष्कळ असतात. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्त्याला गेलेल्या तीन महिला वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. अशा प्रसंगातून वाचलेली सत्तरीची एक आजी समजा आपल्यासमोर बसली आहे.

सातवा प्रश्न विचारतो : त्या प्रसंगाची आठवण देणाऱ्या जागा तुम्ही टाळता का? आजी म्हणेल, "वाघ तं तिथंच हाय ना बाप्पा!" तिचे जंगल टाळणे हे लक्षण की शहाणपण? सतराव्या प्रश्नातली अतिसावधता आणि अठराव्यातले दचकणे यांचेही तसेच. 'आघातोत्तर' या शब्दात आघात संपल्याचे गृहीत आहे. सैनिक घरी परततो, तेव्हा रणांगण मागे राहते. आजीचे रणांगण मात्र घराच्या मागच्या बाजूलाच आहे.

आठवा प्रश्न प्रसंगातला महत्त्वाचा भाग न आठवण्याचा, एकोणिसावा लक्ष न लागण्याचा, विसावा झोपेचा. या तिन्ही तक्रारींना वयही कारण असू शकते. असे सहा प्रश्न झाले. सहा गुणिले चार, म्हणजे ८० पैकी २४ गुणांचा अर्थ येथे संदिग्ध आहे.

उलट चूकही होते. सगळे प्रश्न 'गेल्या महिन्याभरात' एवढ्याच काळाचे आहेत. भर पावसाळ्यात विचारले तर आजीचे गुण कमी भरतील. मोहाचा वास दरवळू लागला की तिची छाती धडधडेल, पण तेव्हा विचारायला कोणी नसेल. शिवाय म्हातारी माणसे मनाचे दुखणे बरेचदा अंगाच्या भाषेत सांगतात. ते दुखणे मग "वय झालं" म्हणून निकालात निघते.

प्रश्नावलीवर अन्याय नको. नुसत्या गुणांवरून निदान करू नका, असे तिचे कर्तेच सांगतात. दहावा प्रश्न तर आम्हाला फार मोलाचा वाटला : झाल्या गोष्टीचा दोष तुम्ही स्वतःला देता का? "मीच सुनेला सोबत नेलं" हे वाक्य आजीने आजवर कोणापुढे उच्चारलेलेही नसेल. दोष पट्टीचा कमी, ती डोळे मिटून लावण्याचा जास्त.

हे महत्त्वाचे, कारण मोजणीवर उपचार ठरतो. सोपा उपचार म्हणजे झोपेची गोळी. पण आघातानंतरच्या पहिल्या महिन्यातल्या तक्रारींसाठी बेन्झोडायझेपिन गटातल्या गोळ्या देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच सांगितले. म्हातारपणी त्यांनी तोल जातो, पडून हाड मोडते, स्मृती मंदावते.

परिणामकारक ठरलेले बरेच उपचार बोलण्याचे आहेत. त्यांतल्या एकात टाळलेल्या गोष्टींना हळूहळू सामोरे जायचे असते. पण त्या गोष्टी खरोखर सुरक्षित असाव्या लागतात. म्हणजे आजीला पहाटे जंगलात पाठवायचे नाही. अंगणात वाळत घातलेल्या मोहफुलांजवळ बसणे, एवढीच पहिली पायरी. जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ विद्यापीठातील संशोधकांनी विकसित केलेल्या दुसऱ्या पद्धतीत जमिनीवर दोरी पसरतात. दोरी म्हणजे आयुष्य. सुखाच्या जागी फूल, आघाताच्या जागी दगड. मग एकेका दगडाची गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगायची. दगड नाहीसा होत नाही, पण त्याला आयुष्यात जागा मिळते. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही हे जमेल. मात्र ऐकणारा शिकलेला हवा, आणि त्याला तिची झाडीबोली किंवा गोंडी कळायला हवी.

वय झाले म्हणून हे उपचार निरुपयोगी ठरत नाहीत. पण वाघ गावाच्या शिवारात फिरत असताना केवळ आजीच्या मनावर उपचार करणे अपुरेच. तिला सोबत आणि सुरक्षित वाट मिळणे हाही उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. वरच्या वर्गातल्या मुलांना कोणतीही एक प्रश्नावली द्या आणि विचारा : हा प्रश्न माझ्या आजीला विचारला तर ती काय समजेल? त्यांची उत्तरे ऐकताना मोजमाप म्हणजे काय, हे आपल्यालाही नव्याने कळेल.