प्रार्थनेचे मोजमाप

वाशीमला नाझरीन मिशनचे रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय उभे राहिले. अशा ठिकाणी औषध आणि प्रार्थना शेजारी नांदतात. प्रार्थनेचा गुण मोजता येईल का? अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन यांच्या गटाने बायपासच्या १८०२ रुग्णांवर तसा प्रयोग केला; निष्कर्ष २००६ साली आले. अनोळखी ख्रिस्ती मंडळींनी दुरून प्रार्थना केलेल्यांपैकी ५२ टक्क्यांना गुंतागुंत झाली, न केलेल्यांपैकी ५१. या दोन्ही गटांना आपण कोणत्या गटात ते ठाऊक नव्हते.

आकड्यांशी आमचे भांडण नाही. पण घरच्यांची प्रार्थना कोण थांबवणार? शिवाय खाटेशी उभे राहून, नाव घेऊन केलेली प्रार्थना रुग्णाला सोबत देते. मानसशास्त्राने पाहावे ते हेच. प्रयोगाने नेमके तेच वगळले.

तिसरा गट मात्र वर्गात जरूर चर्चेला घ्यावा. आपल्यासाठी प्रार्थना होणार हे या रुग्णांना पक्के ठाऊक होते, आणि गुंतागुंत ५९ टक्क्यांना! ‘इतके का बिघडले आहे माझे?’ ही धास्ती त्यामागे असू शकेल, असे संशोधकांनाही वाटले.