‘घ्यावे’, ‘टाळावे’ आणि ‘चालेल’ : जठरशस्त्रक्रियेनंतरच्या आहारपत्रकांतील मतभेदांचा भाषिक विचार

वजन घटविण्यासाठी जठरावर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाने पुढील काही आठवडे काय, किती व कोणत्या क्रमाने खावे हे सांगणारी पत्रके निरनिराळी रुग्णालये व आरोग्यसंस्था प्रसिद्ध करतात. ही पत्रके परस्परांशी जुळत नाहीत, अशी रुग्णांची तक्रार असते आणि ती वस्तुस्थितीला धरून आहे. या मतभेदाचा निवाडा वैद्यकानेच करावयाचा, हे उघड आहे. तथापि पत्रक ही एक संहिताही आहे. ती आज्ञा देते, निषेध करते, सवलत देते, आणि हे सर्व भाषेच्या द्वारे करते. तेवढ्यापुरती ती भाषाभ्यासकाच्या कक्षेत येते. पत्रकापत्रकांत मतभेद असणे हा मोठा दोष नव्हे. विधानांचे कमीअधिक बल एकाच क्रियारूपाखाली झाकले जाते आणि त्यामुळे कोणता मतभेद क्षुल्लक व कोणता जिवावरचा हे वाचणाऱ्यास कळत नाही, हा खरा दोष होय, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

(१) मतभेदाचे स्वरूप

प्रथम विषयाची किमान माहिती देणे अवश्य आहे. आज प्रामुख्याने दोन शस्त्रक्रिया केल्या जातात. ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टमी’ या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे पाऊण ते चार-पंचमांश भाग काढून टाकतात व उरलेल्या भागाची अरुंद नळी करतात. ‘गॅस्ट्रिक बायपास’मध्ये जठराची लहानशी पिशवी वेगळी काढून ती लहान आतड्याच्या पुढील भागास जोडतात. या दुसऱ्या प्रकाराचा आरंभ अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात १९६६ साली एडवर्ड मेसन व चिकाशी इटो यांनी केला. दोन्ही प्रकारांत टाके भरून येईपर्यंत व सूज उतरेपर्यंत अन्न टप्प्याटप्प्याने घट्ट करीत न्यावयाचे असते : आधी निवळ द्रव, मग सर्व प्रकारचे द्रव, मग घोटलेले अन्न, मग मऊ अन्न आणि शेवटी नेहमीचे जेवण.

टप्प्यांच्या या क्रमाबद्दल फारसा वाद नाही. वाद आहे तो मुदतींचा. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने सामान्य वाचकासाठी दिलेल्या आराखड्यात पहिले काही दिवस पाणी व पेये, चौथ्या आठवड्यापर्यंत पातळ वा घोटलेले अन्न, चौथ्या ते सहाव्या आठवड्यात मऊ अन्न व सहाव्या आठवड्यापासून हळूहळू नेहमीचा समतोल आहार, असा क्रम आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या गॅस्ट्रिक बायपासविषयक माहितीत मात्र द्रवपदार्थ सुमारे आठवडाभर पचल्यावर घोटलेले अन्न, त्यानंतर काही आठवड्यांनी मऊ अन्न व सुमारे आठ आठवड्यांनी घट्ट अन्नाकडे वळणे, असा क्रम आढळतो. एकीकडे सहा आठवडे, दुसरीकडे आठ. ज्याच्या हाती ही दोन्ही पत्रके पडली त्याने सातव्या आठवड्यात पोळी खावी की खाऊ नये?

(२) विरोध म्हणजे काय?

दोन वचनांत विरोध दिसला असता काय करावे, हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. मीमांसकांनी वेदवाक्यांच्या संदर्भात त्याचा सूक्ष्म विचार केला आहे. विषय सर्वस्वी निराळा असला तरी त्यांची पद्धती येथे उपयोगी पडते. दोन विधींचा अधिकारी, म्हणजे ज्याच्यासाठी विधी सांगितला तो, निराळा आहे काय, हे आधी पाहावयाचे. निराळा असेल तर विरोध नाहीच. ज्याचा विधी त्याने पाळावा. हा व्यवस्थित विकल्प होय. अधिकारी एकच असेल, तर एक वचन दुसऱ्याहून बलवत्तर आहे काय, हे पाहावयाचे. असेल तर ते दुसऱ्याचा बाध करते. दोन्ही वचने तुल्यबल असतील तरच विकल्प, म्हणजे दोहोंपैकी कोणतेही एक घेण्याची मोकळीक. हा विकल्प मीमांसक अगदी नाइलाज झाल्यावरच पत्करतात आणि त्याला आठ दोष लावतात.

ही कसोटी आहारपत्रकांस लावली असता विरोधाचा मोठा भाग विरघळून जातो. ब्रिटनमधील आराखडा सर्व प्रकारच्या शस्त्रक्रियांसाठी मिळून आहे. मेयो क्लिनिकची माहिती बायपासपुरती आहे. म्हणजे अधिकारी पूर्णतः एक नाही. साखरेचेही तसेच. बायपासनंतर गोड पदार्थ झपाट्याने आतड्यात उतरून घाम, धडधड, चक्कर व जुलाब होऊ शकतात. यास ‘डंपिंग सिंड्रोम’ म्हणतात. स्लीव्हमध्ये जठराचे खालचे द्वार शाबूत राहत असल्याने हा त्रास तुलनेने कमी असतो. तेव्हा एका पत्रकात साखरेचा कडक निषेध व दुसऱ्यात सौम्य इशारा आढळला, तर तो नेहमीच मतभेद असेल असे नाही.

परंतु ही कसोटी लावण्यासाठी दोन गोष्टी वाचकाला ठाऊक असाव्या लागतात : विधान कोणासाठी आहे आणि त्याचे बल किती आहे. पहिली गोष्ट पत्रके निदान मथळ्यात तरी सांगतात. दुसरी बहुधा सांगतच नाहीत.

(३) बल कोठे हरवते?

बलाची नोंद मुळात केलेलीच नाही, असे नाही. अमेरिकेतील अंतःस्रावतज्ज्ञांची संघटना, स्थूलतेचा अभ्यास करणारी सोसायटी व या शस्त्रक्रिया करणाऱ्यांची संघटना यांनी मिळून २००८ साली एक विस्तृत मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. २०१३ मध्ये आणि, आणखी संघटनांच्या सहभागाने, २०१९ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. २०१३च्या आवृत्तीत प्रत्येक शिफारशीपुढे पुराव्याची श्रेणी ‘ए’पासून ‘डी’पर्यंतच्या अक्षराने दर्शविली आहे. त्यांपैकी ‘डी’ ही सर्वांत खालची. तिचा आधार मुख्यतः जाणकारांचे मत. आता ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, टप्प्याटप्प्याचा आहार शिकवावा, लहान घास चावून खावेत, दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने घ्यावीत, या नित्याच्या आहारसूचना याच ‘डी’ श्रेणीत आहेत. म्हणजे ज्या मुदतींवरून पत्रके भांडतात, त्यांच्या मुळाशी मोजूनमापून सिद्ध केलेला आकडा नसून अनुभवी माणसांचा तारतम्याने केलेला अंदाज आहे. अंदाज स्थलपरत्वे बदलतो. सहा व आठ यांतील अंतराचे हेच प्रांजळ स्पष्टीकरण होय.

शिफारस पत्रकात उतरताना ते अक्षर गळून पडते. इंग्रजी पत्रकांतही तसेच होते. मराठीत मात्र या गळतीला व्याकरणाचे साहाय्य मिळते. पुढील तीन वाक्ये पाहावीत :

जेवताना पाणी पिऊ नये.
रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने घ्यावीत.
जीवनसत्त्वांच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्यात.

तिन्ही वाक्यांत विध्यर्थ आहे. मराठी विध्यर्थाचा पल्ला किती विस्तृत आहे, हे या वाचकवर्गास सांगणे नको. ‘मुलांनी खोटे बोलू नये’ यात कर्तव्य आहे, ‘यंदा पाऊस चांगला पडावा’ यात इच्छा आहे, ‘तो एव्हाना पोचला असावा’ यात तर्क आहे. नित्याच्या बोलण्यात प्रसंग, स्वर व नाते यांवरून अर्थ ठरतो. पत्रकाला स्वर नाही आणि नातेही नाही. परिणामी वरील तीन वाक्ये एकाच उंचीवर उभी राहतात. वास्तविक पहिले वाक्य मुख्यतः मळमळ व अस्वस्थता टाळण्यासाठी आहे. पाणी व जेवण यांत किती वेळ जाऊ द्यावा याविषयी पत्रकांत फरक आढळतो व तो सोसण्यासारखा आहे. तिसऱ्या वाक्याचे उल्लंघन मात्र महिन्यांनी वा वर्षांनी पंडुरोग, हाडांची झीज व मज्जातंतूंची हानी या रूपाने वसूल होते.

येथे एक खुलासा करणे इष्ट. पुराव्याची श्रेणी व उल्लंघनाचा परिणाम या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पुरावा कच्चा आहे म्हणून नियम मोडावा, असे मुळीच निष्पन्न होत नाही. पहिल्या आठवड्यात घट्ट अन्न खाऊन पाहण्याचा प्रयोग कोणी मुद्दाम करणार नाही. म्हणून त्याविषयी पक्का पुरावा जमणेही कठीण, आणि तरीही धोका खरा आहे. बल हे या दोहोंच्या मेळाने ठरते.

(४) पातळ, मऊ आणि हलके

दुसरा दोष शब्दसंग्रहाचा आहे. इंग्रजी पत्रकांतील टप्प्यांची नावे शब्दशः मराठीत आणली असता काय होते, ते पाहू. पहिल्या टप्प्याच्या नावातील विशेषणाला ‘स्वच्छ’ हा प्रतिशब्द दिला, तर मराठी वाचक त्याचा अर्थ जंतुविरहित, शुद्ध असा करील. उकळलेले दूधही त्यात बसेल. विवक्षित अर्थ आहे तो आरपार दिसण्याचा. त्यासाठी ‘निवळ’ हा आपला शब्द उत्तम आहे. ताकाची निवळ, पेजेची निवळ असे आपण म्हणतोच. दुसऱ्या टप्प्यास ‘पूर्ण द्रव’ म्हटल्यास घोटाळा अधिकच वाढतो, कारण हा द्रव पहिल्याहून अधिक पातळ असला पाहिजे असे वाटू लागते. येथे ‘दूधताकासह सर्व पातळ पदार्थ’ असे लांबलचक पण निःसंदिग्ध नाव द्यावे.

‘मऊ’ हा शब्द सर्वांत फसवा. इंग्रजी शब्द येथे काट्याने सहज चेचला जाणारा पदार्थ सुचवितो. मराठी ‘मऊ’ स्पर्शाविषयी बोलतो. आपल्याकडे चांगली पोळी मऊ असते, ताजा पाव मऊ असतो. पण पोळी व पाव तोंडात चिकट गोळा होणारे पदार्थ असून अरुंद जठरात अडकण्याची भीती असल्यामुळे अनेक पत्रके ते उशिरा देतात. वस्तुतः अन्नाच्या घट्टपणाच्या छटा दाखविण्यात मराठी दरिद्री नाही. निवळ, पातळ, सरबरीत, घोटलेले, आसट, गुरगुटे अशी एक श्रेणीच आपल्या स्वयंपाकघरात तयार आहे. ती पत्रकात न येता अनुवादित विशेषणे येतात, हे आश्चर्य होय.

‘हलका आहार’ या प्रयोगाने होणारी हानी तर पोषणाचीच आहे. आजारातून उठलेल्यास हलके म्हणून आपण पेज, कण्हेरी, गुरगुट्या भात देत आलो. त्यांत पिष्ट पुष्कळ व प्रथिने थोडी. येथे तर जठरात मावणारे चार घास प्रथम प्रथिनांना द्यावयाचे असतात. ‘डाळीचे पाणी’ व ‘घोटलेले वरण’ यांत पत्रककारास भेद वाटला नाही, तरी रुग्णाच्या दृष्टीने एक जवळजवळ पाणीच आहे व दुसरे अन्न आहे.

(५) परिणाम

हा सारा ऊहापोह शब्दांपुरताच आहे, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१, याच्या उदाहरणाने देता येते. शरीरातील याचा साठा दोन-तीन आठवडेच पुरतो. शस्त्रक्रियेनंतर वारंवार उलट्या होऊ लागल्या, तर तो संपतो व मेंदूला इजा होते : भ्रम, डोळ्यांच्या हालचालींत बिघाड, चालताना तोल जाणे. या विकारास ज्यांचे नाव आहे ते कार्ल वेर्निके भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मेंदूतील भाषाक्षेत्राच्या संदर्भात परिचित आहेतच. वेळीच थायमिन टोचले तर हा अनर्थ टळू शकतो. विलंब झाला तर हानी कायमची राहू शकते. आता ज्या पत्रकात ‘उलटी झाल्यास मागील टप्प्यावर जावे’ व ‘उलट्या थांबत नसल्यास डॉक्टरांना कळवावे’ ही दोन वाक्ये एकाच साच्यात शेजारी छापलेली असतात, त्याचा वाचक पहिलेच वाक्य आठवडाभर पाळीत बसला, तर दोष केवळ त्याचा म्हणता येईल काय?

याची दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. दोन पत्रकांतील मुदती जुळत नाहीत हे दिसले की, वाचक ‘यांचे यांनाच ठाऊक नाही’ असा निष्कर्ष काढतो. सर्व वाक्ये एका साच्याची असल्यामुळे हा अविश्वास मुदतींपुरता न राहता आयुष्यभराच्या गोळ्यांपर्यंत पसरतो. सर्व नियम सारखेच कडक दाखविले की, एक सैल निघताच सर्व सैल वाटू लागतात.

यावर उपाय भाषेतच आहे आणि तो अवघड नाही. ज्यात तडजोड नाही तेथे ‘घेतलेच पाहिजे’ व ‘मुळीच घेऊ नये’. जेथे जाणकारांचे मत आहे तेथे ‘घ्यावे’. जेथे सवलत आहे तेथे ‘घेतले तरी चालेल’. आणि जेथे केवळ त्या रुग्णालयाची रीत आहे तेथे ‘आमच्याकडे सहसा असे देतात’, ही चार रूपे नेमून घेऊन पत्रकाच्या आरंभी त्यांचा अर्थ सांगावा. प्रत्येक निषेधाला एका वाक्याचे कारण जोडावे. मीमांसक ज्याला अर्थवाद म्हणतात त्याचे काम विधीकडे मन वळविणे हेच असते. मुदत देताना ती कोणत्या शस्त्रक्रियेसाठी आहे हे तेथेच लिहावे. आणि दुसरे पत्रक निराळे सांगत असल्यास, ज्या पथकाने आपल्यावर शस्त्रक्रिया केली त्याचेच म्हणणे प्रमाण का मानावयाचे, तेही सांगावे : टाके कसे घातले, कोठे अडचण आली, हे त्या पथकाला ठाऊक आहे, छापील कागदाला नाही.

सातव्या आठवड्यातील पोळीचा प्रश्न यानंतरही वैद्यकाकडेच राहील व तेच योग्य. पण तो प्रश्न पोळीचा आहे, प्राणाचा नव्हे, आणि न थांबणाऱ्या उलटीचा प्रश्न प्राणाचा आहे, एवढा भेद पत्रकाच्या भाषेने रुग्णाला दाखविला पाहिजे. येथे ‘दाखवावा’ म्हणून भागणार नाही.